४० केबीचं अंथरूण

सकाळी सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर ‘शुभ प्रभात’वाला गुलाब येतो ना, बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लहान भरतो. १९८५चा हा अख्खा गेम, ३२ लेव्हल, कासवं, किल्ले आणि ती डोक्यातून न जाणारी धून, सगळं ४० किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये. आपण त्याला कॅसेट म्हणायचो आणि फुंकर मारल्याशिवाय आत घालायचो नाही.

एवढ्याशा अंथरुणात पाय पसरायचे तर काटकसर आलीच. मारिओतला ढग आठवा. आता जमिनीवरचं झुडूप आठवा. आकार तोच! ढगाला हिरवा रंग दिला की झुडूप तयार. मारिओची मिशीही त्यातलीच. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये मूठभर ठिपक्यांत हा माणूस उभा करायचा होता. तोंड नीट दिसेना म्हणून गेमचे डिझायनर शिगेरू मियामोतोंनी मिशी लावली, केस काढायची कटकट नको म्हणून टोपी घातली.

‘काँट्रा’त गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकायच्या. आमच्याकडे त्यावर एकच इलाज, टीव्हीला टपली. टीव्ही बिचारा निर्दोष होता! हे दोन्ही गेम चालवणाऱ्या निंटेंडोच्या मशीनला पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलत्या चित्रांचे तुकडे, काढता यायचे. नववा आला की गायब. मग प्रोग्रामर दर फ्रेमला वेगळ्या तुकड्याला वगळायचे, म्हणजे कुणीच कायमचं नाहीसं होत नसे. चाळीतल्या नळावर पाळ्या लावतात तसं.

पण खरी गरिबी बघायची तर १९७७चा अटारी २६००. रॅम १२८ बाइट. किलो नाही, मेगा नाही, नुसते बाइट. पडद्यावरचं चित्र साठवून ठेवायलाच जागा नाही. टीव्हीचा किरण एकेक ओळ रंगवत खाली उतरायचा आणि प्रोग्राम त्याच्या जेमतेम पुढे धावत पुढच्या ओळीत काय काढायचं ते सांगायचा. पाहुणे पानावर बसलेत आणि पोळी अजून तव्यावर!

मग पीसीवाले मजेत असतील? छे. १९९०मध्ये पीसी निंटेंडोच्या डब्याच्या कित्येक पट महाग, पण मारिओसारखा पडदा सुळकन सरकवणं त्याला जमत नव्हतं. निंटेंडोत ती सोय चिपमध्येच होती. पीसी घडवलेला हिशेब आणि पत्रं टाइप करायला, त्यामुळे पडदा जरा सरकला की सगळं पुन्हा रंगवत बसायचं. अमेरिकेत, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला सॉफ्टडिस्क कंपनीत नोकरी करणाऱ्या जॉन कारमॅकने मेख ओळखली. निळ्या आकाशाच्या चौकोनाशेजारी बहुधा निळं आकाशच असतं, मग ते परत कशाला रंगवा? बदललं तेवढंच रंगवा. सप्टेंबरातल्या एका रात्रीत त्याने आणि सहकारी टॉम हॉलने ‘मारिओ ३’ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवली आणि फ्लॉपी दुसरा सहकारी जॉन रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. सकाळी रोमेरो बघतो तो काय, पीसीवर पडदा सरकतोय! मंडळींनी निंटेंडोला नमुना पाठवला. निंटेंडोला आपला मारिओ पीसीवर नांदवायचा नव्हता. बरंच झालं म्हणायचं, कारण तीच युक्ती घेऊन डिसेंबरात त्यांचा स्वतःचा ‘कमांडर कीन’ आला आणि तीन वर्षांत ‘डूम’.

१९९९च्या ‘सायलेंट हिल’मधलं अंगावर काटा आणणारं धुकं? प्लेस्टेशनला लांबचे रस्ते काढणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्यात बुडवले. भीती फुकटात मिळाली.

‘मॉरोविंड’ची गोष्ट याहून बेरकी. २००१च्या एक्सबॉक्सची रॅम ६४ एमबी. खेळता खेळता ती भरत आली की लोडिंगचा पडदा दाखवायचा आणि त्याच्या आड चक्क मशीनच रीस्टार्ट करायचं. ही कबुली पुढे गेमचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनीच दिली. लोडिंगला आज जरा जास्तच वेळ लागतोय असं ज्यांना वाटायचं, त्यांना बरोबरच वाटायचं.

टपली मात्र तिकडेही चालायची. ‘सोनिक थ्रीडी ब्लास्ट’ (१९९६) बनवताना सेगाची तपासणी कडक, गेम कोलमडला की नापास. प्रोग्रामर जॉन बर्टनने तोडगा काढला. गेम कुठेही कोलमडो, खेळणाऱ्याला लेव्हल निवडायच्या गुप्त पडद्यावर नेऊन सोडायचं. कॅसेटला टपली मारली की तो पडदा उघडायचा आणि पोरांना वाटायचं, काय भारी चीट सापडलाय!

पीसीवर ‘विंग कमांडर’ (१९९०) बंद करताना मेमरी मॅनेजर दर वेळी एररचा संदेश फेकायचा. चूक शोधायला वेळ नव्हता. केन डिमारेस्ट या प्रोग्रामरने एररला हातच लावला नाही, फक्त संदेशातला मजकूर बदलला: विंग कमांडर खेळल्याबद्दल आभारी आहोत!