व्हायोलिनचा आत्मा

वडिलांच्या व्हायोलिनच्या चारही तारा मी एकदम उतरवल्या आणि आत काहीतरी खळकन पडलं. नव्या तारा चढवणार, तोच कारागिरानं हात धरला. "थांबा, तबली खचेल!" पडली होती ती जेमतेम ६ मिलिमीटर जाडीची स्प्रूसची काडी. ती चिकटवलेली नसते. घोडीच्या बारीक तारेकडच्या पायामागं, तबली आणि पाठ यांच्यामध्ये नुसत्या दाबानं उभी असते. घोडीचा तो पाय तिच्यामुळे जवळजवळ स्थिर राहतो; दुसरा डोलतो आणि तबलीला हलवतो. (त्याच्याखाली आतून लांब पट्टी असते, पण ती चिकटवलेली.) काडी केसभर सरकली तरी आवाज बदलतो. इटालियनमध्ये तिला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. कारागिरानं तबलीवरच्या फटीतून वाकडी सळई घालून ती पुन्हा उभी केली. व्हायोलिन सुरात लागलं. वडिलांच्या हातचा तो जाड, किंचित घोगरा आवाज मात्र अजून सापडलेला नाही.