चार वाद्ये, दोन मायक्रोफोन
स्ट्रिंग क्वार्टेटच्या ध्वनिमुद्रणात वाद्यागणिक मायक्रोफोन लावण्यापेक्षा समोर एकच जोडी ठेवणे मला अधिक योग्य वाटते. फ्रेंच रेडिओच्या ओआरटीएफ पद्धतीत दोन कार्डिऑइड मायक्रोफोन १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात असतात. कानाला दिशा कळते ती पातळीतल्या आणि वेळेतल्या सूक्ष्म फरकांवरून; ही जोडी दोन्ही टिपते. वेगळे मायक्रोफोन असले की तोल नंतर सावरता येतो, हा आक्षेप खराच. पण चेलोचा आवाज व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो, मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा. दोन्ही मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात, नाद पोकळ होतो. शिवाय तोल वादकांनी एकमेकांना ऐकत आधीच साधलेला असतो. जोडी फार मागे नेली तर मात्र दालनाचा घुमारा थेट स्वरावर मात करतो. म्हणून जागा तालमीत ऐकूनच ठरवावी.