सरासरी आणि महापूर

सरासरीच्या दुप्पट उंचीचा मनुष्य आढळत नाही. पुरांचे तसे नाही. अनेक नद्यांच्या पुरांचा आलेख मोठ्या आकड्यांकडे फार सावकाश उतरतो. अशा मांडणीस संख्याशास्त्रात जड पुच्छाचे संभाव्यता-वितरण म्हणतात. थोड्या वर्षांच्या नोंदींत हे पुच्छ बहुधा दिसतच नाही.

गुजरातमधील मच्छू-२ धरणाचा सांडवा सेकंदास सुमारे ५,६६३ घनमीटर पाण्यासाठी योजिला होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजी जवळजवळ तिप्पट पाणी आले, धरण फुटले आणि मोरबीवर अनर्थ कोसळला.

‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोगही फसवाच. त्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक असते. म्हणजे तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. शाळा वा दवाखान्यासाठी जागा निवडताना सरासरी पर्जन्याऐवजी आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण शोधावी, आणि बांधकाम तिच्याही बरेच वर ठेवावे.