उगादीचे षड्रस

चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपण गुढी उभारतो. तोच दिवस आंध्र-तेलंगणात ‘उगादी’, म्हणजे ‘युगादि’. अभ्यंगस्नानानंतर प्रथम मुखात पडते ती ‘पच्चडी’: नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट आणि कडुनिंबाचा मोहोर. आपल्याकडे कडुनिंबाचे पान नाक मुरडून गिळले की विधी आटोपतो. तेथे कडू वेगळे काढताच येत नाही. आम्हांस तीच रीत अधिक अर्थपूर्ण वाटते. कारण पुढे देवळात पंचांगश्रवण असते. पुरोहित संवत्सराचे नाव, पर्जन्यमान आणि राशीनिहाय ‘आदायम्-व्ययम्’, ‘राजपूज्यम्-अवमानम्’, अर्थात मिळकत-खर्च व मान-अपमान यांचे आकडे वाचतात. ज्याच्या वाट्यास व्यय अधिक येतो, त्यानेही ते शांतपणे ऐकावयाचे असते. सकाळीच त्याने कडू चाखलेले असते.