घरच्या संगणकाचे निवृत्तीचे वय

मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. संगणकाचे शास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. संघटनेच्या कचेरीत वर्गणीचा हिशेब ठेवताना, परिपत्रके तयार करताना, आणि अडले की पुस्तक उघडून वाचताना जे उमगले तेवढेच माझे भांडवल. तरीही हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करतो, कारण तो आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. वीजबिल, मुलांचा अभ्यास, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, लग्नाच्या आमंत्रणांची यादी, सारे काही घरातल्या त्या पेटीत जाऊन बसले आहे. आणि त्या पेटीविषयी गेल्या काही काळात एकच प्रश्न मला पुनःपुन्हा विचारला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीचा सांभाळ थांबवला. मग उत्तम चालणारा आपला संगणक टाकून द्यायचा काय?

आमच्या कचेरीतील संगणक २०१६ साली घेतलेला. तो दाखवताच एका दुकानदाराने न उघडताच सांगितले, "साहेब, ह्याचं वय झालं. नवा घ्या." कामगाराला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवतात, त्यामागे निदान काही नियम असतो आणि हातात काही रक्कम पडते. या यंत्राचे वय कोणी ठरवले आणि कशावरून, हे दुकानदाराला सांगता येईना. म्हणून ते आपणच समजून घेतले पाहिजे.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करू. एक म्हणजे यंत्र : धातू, तारा, चिपा, पंखा. दुसरी कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राकडून काम करवून घेणारी मूळ आज्ञावली. विंडोज ही अशी एक कार्यप्रणाली. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे राखण. कार्यप्रणालीत लक्षावधी ओळी माणसांनी लिहिलेल्या असतात आणि त्यांत चुका राहतातच. काही चुका अशा असतात की, त्यांतून परका माणूस दूर बसून आत शिरू शकतो. अशी भोके सापडली की कंपनीचे लोक ठिगळे तयार करतात आणि प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती जगभर पाठवतात. आपण सायंकाळी संगणक बंद करू लागतो आणि तो "थांबा, बंद करू नका" म्हणून अडून बसतो, तेव्हा बहुधा हेच ठिगळ लावणे चाललेले असते. १४ ऑक्टोबर २०२५ हाही असाच दुसरा मंगळवार होता. त्या दिवशी यंत्र बिघडले नाही, कार्यप्रणालीही पुसली गेली नाही. फक्त फुकट मिळणारी राखण संपली.

येथे कोणी म्हणेल, मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीकडे, इचलकरंजीकडे वर्षानुवर्षे चालले. त्यांच्या मूळ कारखानदाराला कोण विचारायला गेले होते? चांगला फिटर आणि सुटे भाग मिळाले की माग चालतो. हे अगदी खरे. परंतु माग कोणाशी बोलत नाही. संगणक इंटरनेटच्या तारेने अखंड जगाशी बोलत असतो, आणि ज्या दारातून आपले टपाल येते त्याच दारातून चोरही येऊ शकतो. जो संगणक इंटरनेटला कधीच जोडला जात नाही, फक्त टंकलेखनाला किंवा गाणी ऐकायला वापरला जातो, त्याला मागाचाच न्याय लावावा आणि पेनड्राइव्ह तेवढे जपून लावावेत. जोडलेल्या संगणकाची गोष्ट निराळी.

त्यात आणखी एक मेख आहे. विंडोज १० आणि तिच्यानंतरची विंडोज ११ यांची पुष्कळशी घडण सारखीच आहे. विंडोज ११ साठी ठिगळ प्रसिद्ध झाले की वाईट हेतूचे जाणकार ठिगळापूर्वीची व नंतरची आज्ञावली शेजारी ठेवून ताडून पाहतात, आणि भोक नेमके कोठे होते ते शोधतात. तेच भोक विंडोज १० मध्येही असेल, तर तेथे ते उघडेच राहिलेले असते. म्हणजे शेजाऱ्याच्या घराची दुरुस्ती हाच आपल्या घरफोडीचा नकाशा ठरतो.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर भोकाचे ठिगळ दिले. पुष्कळांनी ते लावले नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर आज्ञावली त्याच भोकातून जगभर पसरली. ती संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रोग्यांच्या सुमारे १९,००० भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज नंतर तेथील लेखापरीक्षकांनी दिला. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' आली. तिचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीत होता. पण तिने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, आणि त्या समूहाकडून चालवला जाणारा आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एक धक्काही ठप्प झाला. कोठल्या देशातील हिशेबाची आज्ञावली, आणि उरणजवळचे कंटेनर अडले! मर्स्कला नंतर सुमारे ४५,००० संगणकांवर सारे काही पुन्हा नव्याने बसवावे लागले.

यातील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वॉनाक्रायने गाठलेले बहुतेक संगणक विंडोज ७ वरचे होते, आणि विंडोज ७ ची राखण त्या वेळी चालू होती. ठिगळ आले होते, ते लावलेले नव्हते. तेव्हा नवा संगणक घेऊन अद्ययावत करण्याची सूचना रोज पुढे ढकलणारा गृहस्थ, हा जुना संगणक नीट सांभाळणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे असे समजण्याचे कारण नाही.

मग विंडोज ११ का चढवू नये? ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली आणि पात्र संगणकावर विंडोज १० वरून ती फुकट चढते. अडचण पात्रतेची आहे. किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठा ही अट बहुतेक जण पुरी करतात. 'टीपीएम २.०' ही दुसरी अट. गुप्त किल्ल्या सांभाळणारी ही एक छोटी तिजोरी, कधी स्वतंत्र चिपेच्या रूपात, तर कधी प्रोसेसरमध्येच सामावलेली. पुष्कळ संगणकांत ती असते, पण बंद करून ठेवलेली असते. जाणकाराकडून पाच मिनिटांत चालू करून घेता येते. तिसरी अट प्रोसेसरच्या पिढीची, आणि खरी गळती येथे होते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठवी पिढी किंवा तिच्यापुढची लागते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' व त्यात 'अबाउट' उघडले की प्रोसेसरचे नाव दिसते. 'आय५-६५००' असे असेल तर आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ६, म्हणजे सहावी पिढी; 'आय५-१०४००' असेल तर दहावी. आकडे वाचायचा कंटाळा असेल तर मायक्रोसॉफ्टचेच 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट साधन पात्र की अपात्र ते सांगते. अपात्र यंत्रावर विंडोज ११ आडवाटेने चढवून देणारेही भेटतील. कंपनीने अशा यंत्राला पुढची ठिगळे मिळतीलच याची हमी दिलेली नाही. तेव्हा ज्या राखणीसाठी हा खटाटोप, तिचाच भरवसा तेथे नाही.

आमची सहावी पिढी अर्थातच नापास झाली. या बाबतीत माझे मत स्पष्ट सांगतो. ठिगळे तयार करणारेही श्रमच करतात, आणि कोणी जन्मभर फुकट राबावे अशी मागणी निदान मी तरी करणार नाही. २९ जुलै २०१५ ते ऑक्टोबर २०२५ म्हणजे दहा वर्षे राखण मिळाली, ही गोष्ट वाईट नव्हे. परंतु यंत्र माझ्या पैशाचे, ते चालते आहे, आणि त्याच्या पात्रतेची यादी मात्र दुसऱ्याने त्याच्या सोयीने करायची, यात वाटाघाटीला जागाच ठेवलेली नाही. २०१७ च्या आरंभी नवा संगणक घेणाऱ्याचे यंत्र पाच वर्षे पुरी होण्याआधीच यादीबाहेर गेले, हे काही केल्या न्यायाचे वाटत नाही.

असो. अपात्र ठरलेल्यांना तीन वाटा आहेत. नवा संगणक घेणे ही पहिली. तिच्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. दुसरी वाट मुदतवाढीची. घरगुती वापरासाठी कंपनीने वाढीव सुरक्षा-ठिगळांची एक वर्षाची योजना काढली, तिची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तीस डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपल्या मांडणीची नोंद ठेवू देऊन, म्हणजे पैसे न देताही, तीत नाव घालता येते. युरोपातील ग्राहकांना ती अधिक सवलतीने मिळाली. संस्थांना मात्र दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, असा तीन वर्षांचा दर. ही वाट म्हणजे सवड आहे, सुटका नव्हे.

तिसरी वाट लिनक्सची. ही कार्यप्रणाली जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेली, बहुतेक रूपांत फुकट आणि कायदेशीर. विंडोजची सवय असलेल्यांना तिचे 'लिनक्स मिंट' हे रूप सोयीचे पडते. ४ जीबी स्मृतीवर ते बरे चालते. पेनड्राइव्हवरून ते आधी चालवून पाहता येते, आतील कशालाही हात न लावता. छपाईयंत्र ओळखते का, आवाज येतो का, वायफाय लागते का, हे सारे तेवढ्यात कळते. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, चित्रपट एवढेच काम असेल तर बहुतेकांना दुसरे काही लागत नाही. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो, किंवा सरकारी निविदांसाठी डिजिटल सहीचा खटका वापरावा लागतो, त्यांनी मात्र या वाटेला जाण्यापूर्वी दहादा विचार करावा. जुन्या यंत्रातील फिरती डिस्क काढून तेथे एसएसडी बसवली, तर यंत्राचा वेगही इतका बदलतो की, नव्या संगणकाची हौस बरीचशी आपोआप ओसरते.

आता मराठी माणसाने विशेष जपावे असे काही. आपल्याकडे अनेकांनी वर्षानुवर्षे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत मजकूर टंकित केला. यातील गोम अशी की, त्या मजकुरात संगणकाच्या दृष्टीने 'क' नसतोच. आत साठवलेली असतात दुसरीच चिन्हे, आणि फॉन्ट त्यांच्या अंगावर देवनागरीचा अंगरखा चढवतो. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसेल तर अंगरखा उतरतो आणि वडिलांच्या आठवणींच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. युनिकोडमध्ये असे होत नाही. तेथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तो आहे. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच असा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा, जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत, आणि मूळ रूप दिसावे म्हणून एक पीडीएफही काढून ठेवावी. आमच्या संघटनेची जुनी परिपत्रके आणि कराराचे मसुदे असेच उतरवून घेतले. काम कंटाळवाणे होते, परंतु करार हरवलेल्या संघटनेला मालक काय उत्तर देतो हे मी चांगले जाणतो.

वाट कोणतीही धरा, आधी सगळ्या कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि काम झाले की ती डिस्क सोडवून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर आज्ञावली संगणकाबरोबरच कुलूपबंद करते. टीपीएम चालू-बंद करण्यापूर्वी आपली डिस्क 'बिटलॉकर' पद्धतीने कुलूपबंद आहे का तेही पाहावे. असेल तर तिची ४८ अंकी सुटकेची किल्ली आधी कागदावर उतरवावी, नाहीतर आपल्याच घराबाहेर उभे राहण्याची वेळ येते.

या सर्व गोंधळाचा फायदा घेणारेही आहेत. "आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे," असा दूरध्वनी आला किंवा पडद्यावर भोंगा वाजवीत एखादा क्रमांक झळकला, तर तो लबाडीचाच समजावा. कंपनी घरोघर दूरध्वनी करीत नाही. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.

शेवटी, ज्यांना यंत्र मोडीत काढायचेच आहे त्यांच्यासाठी. आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. तेव्हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा. भंगारवाल्याकडे गेलेल्या पट्ट्या उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर तेथे काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जातो. आणि यंत्र कोणालाही देण्यापूर्वी आतील डिस्क काढून घ्यावी. फाइल पुसली म्हणजे गेली असे होत नाही, पुसलेले पुष्कळसे परत वाचता येते. बहुतेक पेट्यांत दोन-चार स्क्रू आणि दोन तारा सोडवल्या की डिस्क हातात येते.