वावरातून आली अन् थरथरायला लागली : दोष शोधण्याचेच पैसे घ्या!



पावसाळ्यात हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजवर तासभर बसा. हे वाक्य कानावर पडणारच : "भाऊ, गाडी काल वावरात नेली होती. आता डांबरीवर साठच्या वर गेली का लय थरथरून राह्यली. पाह्य बरं काय झालं."

यावर एक मेकॅनिक म्हणतो, "अलाइनमेंट गेली असंन, करून टाकू." दुसरा विचारतो, "कधी थरथरते? कुठं जाणवते? ब्रेक दाबल्यावर का गॅस दिल्यावर?" पहिल्याला आज पैसे मिळतात. दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, आणि ते पुढच्या वेळी भावकीतल्या चार गाड्या घेऊन येतं. हा दुसरा मेकॅनिक कसं व्हायचं, ते व्हिडिओत थोडक्यात दाखवलं होतं. इथं सगळं क्रमानं लिहून देतोय. गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल असं.

हिवरखेडलाच हे काम का चालेल?

आपलं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. एका बाजूला काळ्या मातीची वावरं आणि पांदण रस्ते, दुसऱ्या बाजूला डोंगराकडून येणारे गोटाळ नाले. कापूस, तूर, सोयाबीन, केळी, संत्रा, सगळा माल पिकअप आणि बोलेरोनं या रस्त्यांवरूनच बाहेर येतो. नरनाळ्याच्या पायथ्याला शहानूरकडून जंगल सफारीच्या जिप्सी चालतात, त्यांचं तर कामच कच्च्या रस्त्यावरचं. म्हणजे गाड्या रोज खडबडीत रस्त्यावर जातात आणि रोज डांबरीवर परत येतात. थरथर जाणवते ती परत आल्यावर.

आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते, वाळली की विटेसारखी कडक होते. ही माती चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला जाऊन बसते. बाहेरून गाडी धुतलेली, चकचकीत. आत रिमला पावशेर माती तशीच!

शंभर ग्रॅम मातीनं एवढं काय होतं?

हा हिशेब गिऱ्हाइकाला समजावता आला पाहिजे. बोलेरोच्या आकाराचं चाक ताशी ८० किलोमीटर वेगात सेकंदाला साधारण १० फेरे मारतं. रिमच्या एका बाजूला १०० ग्रॅम माती चिकटली असेल, तर त्या वेगात ती चाकाला साधारण ७ ते ८ किलोच्या जोरानं बाहेर ओढते. आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. म्हणजे सेकंदाला १० हिसके.

वेग निम्मा केला की हा जोर निम्मा होत नाही, पावपट होतो. ताशी ४० ला तो दोन किलोच्या आसपास येतो. म्हणून गाडी गावात ठीक चालते आणि अकोट रोडला लागली की हलायला लागते. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. तुम्ही गॅरेजसमोर वीसच्या वेगानं चक्कर मारून "काही नाही भाऊ" म्हणालात, तर चूक तुमची.

आधी तीन प्रश्न, मग पाना

वहीत तीन रकाने आखा.

१. कधी? ठरावीक वेगाच्या वर थरथरते, तर संशय चाकावर : माती, बॅलन्स, वाकलेला रिम, फुगलेला टायर. फक्त ब्रेक दाबल्यावर, तर डिस्क किंवा ड्रम. फक्त गॅस दिल्यावर, तर अॅक्सलचा जॉइंट, शाफ्टचा क्रॉस किंवा इंजिनाचं माउंटिंग. गाडी उभी असताना, तर इंजिन आणि त्याचे रबर.

२. कुठं? स्टेअरिंग थरथरतं, तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि बुड थरथरतं, तर बहुधा मागची बाजू किंवा शाफ्ट. हा अंदाज आहे, निकाल नाही.

३. कशी? चाकाची थरथर जाड असते, धडधड मोजता येईल अशी. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगानं फिरतो. म्हणून त्याची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी येते.

आणि चौथा प्रश्न हळूच विचारा : "गाडी कुठं आदळली का? फसली होती का? कोणी ओढून काढली?" मालक नसेल आणि ड्रायव्हर आला असेल, तर तो हे आपणहून सांगणार नाही. त्याला भीती असते. "मला फक्त दोष शोधायचाय," एवढं म्हटलं की बोलतो.

तपासणीचा क्रम : स्वस्तातून महागाकडे

पायरी १. चक्कर मारायच्या आधी नट पाहा. चारही चाकांचे नट हातपान्यानं तपासा. वावरात पंक्चर काढून घाईत चाक बसवलेलं असतं आणि नट ढिला राहतो. ढिल्या नटाची थरथर ही चाक निघण्याआधीची सूचना आहे. इथं जिवाचा प्रश्न आहे, म्हणून ही पायरी कधीच सोडायची नाही. नट आवळताना गोल फिरू नका, समोरासमोरचे आवळा. किती जोरानं आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, टॉर्क पाना त्यासाठीच घ्यायचा.

पायरी २. टायर पाहा, हवा मोजा. बाजूला फुगा आलाय का, कट आहे का, नक्षीत दगड अडकलाय का. मागं जोडचाक असेल तर दोन टायरच्या मधे दगड अडकलेला नेहमी सापडतो. फुगा दिसला तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, तिथंच सांगा.

पायरी ३. धुवा. प्रेशरनं, आतल्या बाजूनं, चाक फिरवत फिरवत. वाळलेली माती आधी भिजू द्या, मग मारा. धुण्याच्या पाण्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. खाली पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं असतं, तशा पाण्यानं धुतलं तर लोखंडाला गंज लवकर चढतो. टाकीत गोडं पाणी ठेवा. धुवून झाल्यावर मगच मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारा. पुष्कळदा काम इथंच संपतं.

पायरी ४. चाक उचलून फिरवा. जॅकवर गाडी उचलली की घोडी लावल्याशिवाय हात घालायचा नाही. चाक हातानं फिरवा आणि रिमच्या काठाजवळ एक स्क्रू-ड्रायव्हर स्थिर धरा. काठ जवळ-लांब होत असेल तर रिम वाकलाय. लोखंडी रिम सरळ करता येतो. अलॉय रिमला तडा तर नाही ना, ते नीट पाहा, कारण तडा गेलेला रिम बदलावाच लागतो.

पायरी ५. प्ले पाहा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावीकडे-उजवीकडे. वर-खाली खुळखुळ म्हणजे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आडवी खुळखुळ म्हणजे टाय रॉडचं टोक बघा. आता जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा. खुळखुळ गेली तर बेअरिंग, राहिली तर जॉइंट.

पायरी ६. खाली जा. शाफ्टला माती, वायर किंवा ठिबकची नळी गुंडाळली आहे का? तुऱ्हाट्यांमधून गाडी काढली की हे होतं. क्रॉस हातानं पिळून पाहा, सेंटर बेअरिंगचं रबर पाहा, शाफ्टवर चेपल्याची खूण पाहा. शाफ्ट काढावा लागला तर दोन्ही बाजूंना आधी खुणा करा आणि तसाच परत बसवा. उलटा बसला तर नवीनच थरथर तयार होईल. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत अॅक्सलचं रबर बूट फाटलंय का ते बघा. रिमच्या आत ग्रीस उडालेलं दिसलं की समजून जा.

एवढं करून थरथर राहिली, तर मग बॅलन्सिंग.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग : ही गल्लत विकू नका

अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेनं घासतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का. ते बिघडलं की वेगात थरथर येते. थरथरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला नुसती अलाइनमेंट करून दिली, तर तो पैसे देईल आणि अडगावपर्यंत जाऊन परत येईल. दुसऱ्यांदा येईल तो भांडायला. तिसऱ्यांदा येणारच नाही.

आणि रिमला माती असताना बॅलन्सिंग केलं तर? मशीन त्या मातीसकट वजन लावून देईल. दोन दिवसांनी माती गळून पडेल आणि चाक पुन्हा बिघडेल. म्हणून धुणं आधी, मशीन नंतर.

पैसे कशाचे घ्यायचे?

आपल्याकडे पार्ट बदलला तरच मजुरी, असा रिवाज पडलाय. त्यामुळे मेकॅनिकला पार्ट बदलायचा मोह होतो. हा मोह काढायचा असेल तर तपासणीचे पैसे वेगळे घ्या. समजा, आतून धुलाई आणि सहा पायऱ्यांची तपासणी मिळून २०० रुपये ठेवले. दिवसाला तीन गाड्या, महिन्याचे २५ दिवस : १५,००० रुपये. यात एकही पार्ट विकलेला नाही. पाणी, वीज आणि पोराची मजुरी यातून वजा करा. तुमच्या गावचा आकडा वेगळा असेल, पण हिशेब असाच मांडा.

"नुसतं पाह्याचे पैसे काहून?" असं गिऱ्हाईक विचारणारच. त्याच्या हातात कागद द्या : काय तपासलं, काय चांगलं निघालं, काय खराब निघालं, कोणतं काम आज आणि कोणतं महिनाभर थांबलं तरी चालेल. कागद हातात पडला की पैसे कशाचे दिले ते त्याला दिसतं.

सुरुवातीला बॅलन्सिंग मशीन घेऊ नका. जॅक, दोन जोड्या घोड्या, टॉर्क पाना, हवा मोजायचं मीटर आणि प्रेशर वॉशर, एवढ्यात धंदा उभा राहतो. बॅलन्सिंगची चाकं जवळच्या मोठ्या दुकानात पाठवा, त्यांच्याशी दर ठरवून घ्या. महिन्याला किती चाकं पाठवली ते वहीत लिहा. तोच आकडा उद्या बँकेत कामाला येतो. मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. "मला मशीन पाहिजे" असं म्हणण्यापेक्षा "सहा महिन्यांत इतकी चाकं बाहेर पाठवली, ही वही" असं दाखवणाऱ्याची बाजू मजबूत असते.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीच्या पाच गाड्या घ्या, वावरातून आलेल्या. तीन प्रश्न विचारा, सहा पायऱ्या करा, प्रत्येकीचा कागद बनवा. पैसे घेऊ नका. पाचपैकी किती गाड्या पहिल्या तीन पायऱ्यांतच सुटल्या ते मोजा. तो आकडा पाहिला की तुम्हालाच कळेल, आजवर लोकांनी किती पार्ट उगाच बदलले असतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हात काळे, वही स्वच्छ!