गासहून दुबई: तिकिटावरचे तास आणि खरे तास

नालासोपाऱ्याजवळच्या गासमधून आखातात नोकरीला गेलेल्यांच्या घरी हा घोळ नेहमीचा. तिकिटावर लिहिलेलं असतं: मुंबई पहाटे ४, दुबई ५.४५. म्हणजे पावणेदोन तासांत दुबई? तसं नाही. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून प्रवास सव्वातीन तासांचा. परतताना उलटं: तिथून रात्री १० ला निघून इथे अडीचला उतरलात, तर साडेचार नव्हे, तीनच तास लागले.

हवाई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. ताशी ८५० च्या वेगाने हिशेब सव्वादोन तासांचा येतो. पण धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं वेळ खातंच. शिवाय उंचावरचे पश्चिमी वारे, विशेषतः हिवाळ्यात, जाताना तोंडावर येतात आणि येताना पाठीशी असतात.

खरी कसोटी मात्र नालासोपारा ते विमानतळ हीच! हायवेची कोंडी धरून, पहाटे ४ च्या विमानासाठी गासहून रात्री साडेदहालाच निघा. आणि मुंबई की नवी मुंबई, विमानतळ कुठला, तेही तिकिटावर आधी पाहा.